काकूंच्या बागेतल्या नानेट्या

वारज्यातल्या आमच्या सोसायटीत तळमजल्यावर राहणाऱ्या काकू बागेत खुरपं लावण्याआधी दोनदा पाय आपटतात. "सरका गं बायांनो," म्हणतात. मग कुंड्यांमागून हातभर लांबीच्या नानेट्या सरसरत निघून जातात. साप खरे, पण बिनविषारी. नागपंचमीला आमच्या बायका त्यांच्यासाठी दूध घेऊन गेल्या, तर काकूंनी त्याचा चहा करून बायकांनाच पाजला. "त्या बेडूक खातात. दूध माणसांना लागतं."

पुढच्याच आठवड्यात जिन्यात एक नानेटी दिसली आणि आम्ही पुरुष काठ्या घेऊन बागेच्या फाटकाशी गेलो. काकू आडव्या उभ्या राहिल्या.

"पंचमीला पूजा आणि आज काठी? आधी तुमचं काय ते एकदा ठरवा."

माझ्या हातातली काठी त्यांनी काढून घेतली, निरखली आणि तोंडलीच्या वेलाला आधार म्हणून रोवली. आता तिथे तोंडली लागलीत. काठी परत मागायची हिंमत मला अजून झालेली नाही.