पाना हातात राहिला

रेसिंगची टीम म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे जे काही येतं, त्यातलं आमच्याकडे काहीच नव्हतं. हिंगण्याच्या एकाच कारखान्यातले आम्ही चौघे आणि साडेतीनशे सीसीची एक मोटारसायकल. तीही टीमची नव्हे, भाऊची. भाऊ म्हणजे आमचा रायडर. कारखान्यात टर्नर होता, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. सोमवार ते शनिवार तो याच गाडीवर मला मागे बसवून प्रताप नगरहून पहिल्या पाळीला न्यायचा आणि रविवारी तीच गाडी शर्यतीत पळवायचा. ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. हिवाळा सरता सरता शहराबाहेरच्या मोकळ्या मैदानांवर मातीतल्या शर्यती व्हायच्या. तिथे आम्हाला सगळे ‘हिंगण्याचे’ म्हणायचे. टीमला दुसरं नाव कधी पडलं नाही.

कामाची गाडी शर्यतीत उतरवायची तर आधी ती सोलावी लागे. मडगार्ड, दिवा, सायलेन्सर सगळं निघायचं. पुढचा ब्रेकसुद्धा काढून ठेवायचा, कारण मातीच्या वळणावर सवयीने तो दाबला की रायडर तोंडावर आपटलाच. निघालेली प्रत्येक वस्तू भाऊच्या घरून आणलेल्या एका जुन्या चादरीवर ओळीने मांडायची. शर्यत संपली की तिथेच मैदानावर उलट्या क्रमाने सगळं परत बसवायचं आणि गाडीवर बसून घरी यायचं. नियम एकच होता, भाऊने घातलेला. ज्याने जे खोललं, त्यानेच ते कसायचं. पुढचा ब्रेक माझ्याकडे होता. चादर रिकामी झाली की काम संपलं, असं आम्ही धरून चालायचो. या पद्धतीचा आम्हाला काय तो अभिमान! मोठमोठ्या गॅरेजवाल्यांना आम्ही ती ऐटीत समजावून सांगत असू.

पहिले तीन हंगाम आम्ही नुसती माती खाल्ली. एकदा चेन तुटली, एकदा प्लग दगा देऊन गेला, एकदा भाऊ पहिल्याच वळणावर थेट प्रेक्षकांत घुसला आणि एका म्हाताऱ्याच्या शिव्या खाऊन परत आला. जबलपूरकडून येणाऱ्यांच्या गाड्या खास शर्यतीसाठी बनवलेल्या असत. आमची दुसऱ्या दिवशी डबा घेऊन कामावर जायची. तरी चौथ्या हंगामात, शेवटच्या फेरीत, भाऊने आतल्या बाजूने गाडी घातली आणि आम्ही जिंकलो. मी इतका ओरडलो की दोन दिवस घसा बसला होता.

ऊन उतरायला लागलं होतं. मी पुढच्या चाकाशी बसून ब्रेकची केबल जोडली, चाकाजवळचा नट बोटांनी फिरवून बसवला आणि पाना उचलला. तेवढ्यात भाऊची हाक आली. “अबे चाल ना! फोटोवाला जाऊन राहिला!”

मी उठलो. फोटो काढला, कोणीतरी पेढे वाटले, कोणीतरी हार घातले. परत आलो तर बाकीच्या दोघांनी आपापलं काम उरकून चादर घडी करून ठेवली होती. चादर रिकामी, म्हणजे काम झालं. भाऊने गाडी ढकलून ब्रेक दाबून पाहिला, लागला. बोटांनी बसवलेला नट चादरीवर दिसत नाही, हे चार वर्षांत आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

त्या सोमवारी माझी पाळी बदलून दुसरी लागली होती, म्हणून भाऊ एकटाच गेला. हिंगणा रोडवर समोर बैलगाडी आडवी आली. त्याने ब्रेक दाबला आणि केबल सुटून हातात नुसता लिव्हर राहिला. जीव वाचला, पण गुडघ्याचा चुरा झाला.

दवाखान्यात त्याच्या वडिलांनी आमच्या देखत विचारलं, “पुढचा ब्रेक कोनं लावला होता?”

बाकीच्या दोघांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मी तोंड उघडलं असेल, नसेल, आता सांगता येत नाही. पलंगावरून भाऊच म्हणाला, “मीच लावला होता, बाबा. माह्याच हातून ढिला राहिला.”

आणि मी ते तसंच राहू दिलं. दुसरं कोणी असं वागलं असतं, तर मी त्याच्या तोंडावर थुंकलो असतो.

भाऊचा पाय आखूड झाला. कारखान्याने त्याला स्टोअरमध्ये बसून करायचं काम दिलं. दुसरा रायडर घेऊन आम्ही आणखी दोन हंगाम काढले, पण त्यात जीव नव्हता. मी प्रत्येक नट तीनतीनदा कसायचो आणि नव्या रायडरवर उगाच खेकसायचो. तिसऱ्या वर्षी कोणी मैदानाचं नावच काढलं नाही. टीम अशीच संपली.

सुरुवातीला मी भाऊकडे रोज जायचो. मग आठवड्याने, मग सणावारी. कारण होता तो फोटो. त्याने तो बैठकीत दारासमोरच लावला होता. आम्ही चौघे हसतोय, भाऊच्या हातात कप आणि माझ्या उजव्या हातात पाना. मी आत शिरलो की आधी तो पाना दिसायचा. भाऊ रोज तो पाहतो आणि मला काही बोलत नाही, हे मला सहन होईना. उद्या सांगू, पुढच्या खेपेला सांगू, असं करत बारा-तेरा वर्षं गेली. मग एका सकाळी स्टोअरमध्येच त्याच्या छातीत कळ आली आणि तो गेला.

त्याच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना झाली, माणसं जेवून पांगली. मी वहिनींसमोर बसलो आणि सांगून टाकलं. ब्रेक मी लावला होता. नट मी कसला नव्हता. बोलताना मी फोटोकडे पाहत होतो, त्यांच्याकडे पाहायची हिंमत नव्हती.

“मले ठाऊक हाय, भाऊजी,” वहिनी म्हणाल्या. “पहिल्या दिवसापासून ठाऊक हाय.”

“मग भाऊ कधी बोलला काहून नाही?”

“तुमी बसलेच कुठं बोलाले?” त्यांनी पदराने फोटोची काच पुसली. “ते रोज हा पाना दाखवत मले. म्हनत, तो कसूनच राहिला होता, मीच हाक मारून उठवला. खोललं त्यानंच कसाचं, हा नियमबी माहाच, अन् मोडलाबी मीच. त्याचं येनं कमी झालं, मले माफ नाही केलं त्यानं, म्हनत.”

मला पुढचं काही ऐकू येईना. लहान मुलासारखा हुंदका आला, तो कितीतरी वेळ थांबेना. वहिनींनी पाणी दिलं.

निघताना मी तो फोटो मागितला. त्यांनी मान हलवली.

“नाही, हा इथंच राहीन. तुमी येत जा.”