बटणाला बांधलेला दोरा

शहराच्या टोकाचं सरथाणा मागे पडलं तेव्हा अरुणाबाईंच्या टाचा भरून आल्या होत्या. शोभाबाई मात्र आत्ताच घरातून निघाल्यासारखी चालत होती. शहाण्णव सालच्या श्रावणातला शनिवार. कामरेजच्या मारुतीला पायी जायचा नवस शोभाबाईचा. अरुणाबाई शिकवत त्या शाळेला सुट्टी, म्हणून त्या सोबतीला निघाल्या होत्या.

"एवढं चालायचं म्हणजे नवस तरी कसला हो?" त्यांनी विचारलं.

"भटूच्या बोटांचा."

भटू त्यांच्याच गल्लीतला, अमळनेरकडचा. उधन्याच्या एका कारखान्यात मिलिंग मशीनवर होता. फिरत्या दातेरी कटरखाली लोखंड सरकवायचं आणि कापड विणायच्या लूमचे सुटे भाग घडवायचे, हे त्याचं काम. गेल्या दसऱ्यानंतर आठवड्याने त्याची दोन बोटं त्या कटरखाली सापडली. गल्लीला एवढंच ठाऊक होतं.

शोभाबाई शिकलेली पाचवी. नवरा बन्सीलाल जळक्या मोटरी नव्या तारेने भरून द्यायचा. त्याची नजर गेली, तेव्हा तो खाटेवरून सांगायचा आणि हिचे हात तार गुंडाळायचे. पुढे सांगायची गरज उरली नाही. तीनपैकी एक फेज गेलेली मोटर कशी कण्हते, हे ती दारातूनच ओळखायची. "आता हीच मला शिकवते," असं बन्सीलाल आल्यागेल्याला हौसेने सांगायचा.

"भरलेली मोटर द्यायला मी गेले, तर तिथे भांडण," शोभाबाई सांगू लागली. "शेठ म्हणे, लाईट गेलेली असताना यानेच बटण दाबून ठेवलं, याला काढून टाकतो. भटू हाताला फडकं गुंडाळून रडतोय. मला म्हणे, काकी, मी हात बी नही लावा!"

"मग?"

"मग मी मशीन बघितलं. बाई, स्टार्टरच्या पेटीत चुंबक असतो. वीज आहे तोवर तो मशीनची लाईन धरून ठेवतो, गेली की सोडतो. म्हणून लाईट परत आली तरी बटण दाबल्याशिवाय मशीन उठायला नको. पण दसऱ्याच्या पूजेत कोणीतरी चालू बटणावरून लाल दोरा करकचून बांधला होता. बटण आठ दिवस दाबलेलंच! बंदचं बटण सोडलं की मशीन पुन्हा सुरू, म्हणून हे लोक मेन स्विचच पाडायचे. त्या दिवशी लाईट गेली, मशीन थांबलं, मेन पाडायचं राहिलं. भटू कटरखालचा कीस काढायला गेला..."

"दोरा सोडला कसा नाही कोणी?"

"देवाचा ना! मी शेठला म्हटलं, सगळे लांब व्हा, मेन पाडा, आता वर करा. कोणी हात न लावता कटर गरकन् फिरला. शेठ दोन पावलं मागेच सरला! मग मेन पाडून मी दोरा सोडला, कपाळाला लावला आणि मशीनच्या खांबाला बांधला. भटूची नोकरी राहिली. बोटं वळू दे म्हणून मारुतीला साकडं घातलं. या उन्हाळ्यात वळली."

 शाळेच्या पाण्याच्या मोटरीला दर दसऱ्याला दोरा अरुणाबाईच बांधायच्या, आणि आपण तो नेमका कुठे बांधतो ते त्यांना काही केल्या आठवेना. शेजारी चालणाऱ्या या बाईकडे त्यांनी नव्याने पाहिलं. "तुम्हाला भीती नाही वाटली? पूजेचा दोरा सोडायची?"

"वाटली की. दोरा देवाचा, पण गाठ माणसानेच मारलेली ना?"

पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस लागला. शोभाबाईचं पाऊल पहिल्यांदाच हळू झालं.

"बाई, एक काम कराल? दसरा दोन महिन्यांवर आला. उधन्यात किती मशिनी, आणि सगळीकडे असाच दोरा बांधतात. मी सांगितलं तर म्हणतात, शोभाकाकी देवधर्म मानत नाही. तुमचं अक्षर चांगलं आहे. एक पाटी लिहून द्या. दोरा जरूर बांधा, पण खांबाला बांधा, बटणाला नको. फक्त असं लिहा, की वाचणाऱ्याने आधी हात जोडावेत आणि मग ऐकावं."