दसऱ्याला काढलेली झाकणं

अंधेरीच्या आमच्या लॅबमध्ये दसऱ्याला मायक्रोस्कोपची पूजा व्हायचीच. माशांच्या टाक्यांचीही झाली पाहिजे, हा हट्ट माझा. कुणी नको म्हटलं की मी ते करतेच, स्वभावच तसा. झाकणं काढली, टाक्या पुसल्या, झेंडूचे हार घातले, फोटो काढला आणि झाकणं परत लावून पेढे खायला गेले.

टाक्यांत झेब्राफिश होते, बोटाच्या दोन पेरांएवढे पट्टेरी मासे. यांची पिल्लं आरपार दिसतात. दुसऱ्या दिवशी हृदय धडधडताना बघता येतं. माझ्या सीनियर ताईनं एका टाकीतल्या माशांच्या डीएनएमधला छोटा तुकडा काढला होता. जीन शाबूत, पण तो कधी चालू व्हायचा हे ठरवणारा तुकडा गायब. म्हणजे दिवा तसाच, बटण काढलेलं. या माशांच्या काही पिल्लांचं हृदय उलट्या बाजूला वळतं, हे तिनं तीन वर्षं खपून दाखवलं होतं. तिची पीएचडी त्यावरच उभी होती. शेजारच्या टाकीत तुलनेसाठी साधे मासे. दिसायला दोन्ही अगदी सारखे.

दुसऱ्या कुणी प्रयोग पुन्हा केल्याशिवाय पेपर पाठवायचा नाही, हा सरांचा नियम. ते काम माझ्याकडे आलं. दसऱ्यानंतर लगेच लागले. शेकडो पिल्लं बघितली, एकाचंही हृदय उलटं नाही. साध्या माशांची पिल्लं मी नव्यानं बघितलीच नाहीत, ताईचेच जुने आकडे घेतले. ताईचं म्हणणं खोटं ठरवणारा नवा पेपर मी लिहायचा, असं सरांनी ठरवलं. मीटिंगमध्ये ताई एवढंच म्हणाली, टाक्या एकदा तपासून घे. माझं डोकं फिरलं.

"तुझं चुकलंय ते माझ्या टाकीवर ढकलू नकोस," मी सगळ्यांसमोर म्हटलं.

महिन्याभरात ती पीएचडी अर्धी टाकून मुलुंडला घरी गेली, बारावीचे क्लास घ्यायला लागली. मला वाईट वाटलं का? खोटं कशाला बोलू, जिंकल्यासारखं वाटलं. पुढे जागा कमी पडली तेव्हा साध्या माशांची टाकी मीच रिकामी केली. भरपूर बर्फाच्या पाण्यात टाकले की मासे क्षणात मरतात, म्हणून तसंच मारतात; मीही बर्फातच टाकले. फुकटचे कशाला पोसायचे?

यंदा दसऱ्याच्या आदल्या दिवशी, पेपर पाठवायला चार दिवस उरले असताना, फोननं गेल्या वर्षीचा फोटो समोर आणला. टाक्यांवर हार, पुढे पेढे, आणि कोपऱ्यात झाकणं, एकावर एक. कुठल्या टाकीत काय आहे ती पट्टी आम्ही झाकणावरच चिकटवायचो. त्या दिवशी कुठलं झाकण कुठे लावलं, मला काही केल्या आठवेना. लागली वाट, म्हटलं.

उरलेल्या टाकीतला एकेक मासा जाळीत धरला, गुंगीच्या पाण्यात घातला, शेपटीचं टोक कापून डीएनए तपासायला लावला. हे वर्षापूर्वीच करायला हवं होतं, तेव्हा कंटाळा केला होता. निकाल यायला संध्याकाळ झाली. तोवर मी काय काय नवस बोलले ते सांगायची लाज वाटते. बटण काढलेला एक तरी मासा निघू दे रे देवा. एकही निघाला नाही. सगळे साधे.

सर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते पेपर थांबवतो म्हणाले, आणि ताईला स्वतः जाऊन सांग, फोनवर नाही.

दसऱ्याच्या सकाळी मुलुंडला गेले. ताई दारासाठी तोरण ओवत बसली होती. तिनं पाणी दिलं. मी फोटोपासून सगळं सांगितलं, तुझंच बरोबर होतं हेही सांगितलं. पाय धरावेसे वाटत होते, पण ते नाटक झालं असतं. ती सुईवरची नजर न उचलता ऐकत होती.

"मग माझे मासे?" तिनं विचारलं.

"साधे समजून मीच मारले, ताई. बर्फात. एकही नाही उरला."

तिनं हातातलं फूल परत परडीत ठेवलं. म्हणाली, "लगेच गेले ना गं?"

मी हो म्हटलं. त्या दिवशी बर्फ कमी पडला होता, आणि घाईत मी आणखी आणायला खाली गेले नव्हते.