कुलपावरची नोटीस

"हात दाखव," साहेब म्हणाला.

मी दोन्ही हात टेबलावर ठेवले. त्याने पेनाच्या टोकाने तळवे इकडून तिकडे केले. स्वतःचं बोट लागू दिलं नाही. मग बाबूकडे बघून हसला. "घट्टे बघा केवढे. म्हणे निराधार!" बाकड्यावरची माणसंही हसली. माझ्या अंगाची लाही झाली. पण हात मी मागे घेतले नाहीत.

नवरा वारल्यापासून मला सरकारकडून निराधारांचा पगार मिळत होता. त्याच्यावर माझी लेक सातवीपर्यंत शाळेत टिकली. आमच्याकडे ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी लागते. त्या जोडीलाच एक कोयता म्हणतात. एकट्या बाईला मुकादम टोळीत घेत नाही. यंदा भावजय बाळंत झाली, म्हणून तिच्या जागी मी भावाबरोबर गेले. लेकीला चकलांब्यात मावशीकडे ठेवलं आणि घराला कुलूप लावलं.

साहेबाने वस्तीवर चौकशी काढली ती नेमकी तेव्हा, भर थंडीत. दिवाळी झाली की आमच्या वस्तीत कुत्रंसुद्धा राहत नाही, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. ह्याला कुणी सांगितलं नाही, आणि ह्याने विचारलंही नाही. कुलपाला नोटीस चिकटवून गेला. आम्ही परत आलो तेव्हा पगार बंद. कारण काय, तर लाभार्थी चौकशीस सहकार्य करीत नाही.

मी अपील केलं. सुनावणीला येऊन बघते, तर खुर्चीत हाच.

"साहेब, आमी उसाला गेलतो. समदी वस्ती गेलती."

"तो तुमचा प्रश्न. चूक झाली, सहकार्य केलं नाही, असा माफीनामा दे. पगार चालू करतो."

माझ्या आधी सोनाआजीचा नंबर होता. उसाच्या फडावर नातवंडं सांभाळायला गेली, म्हणून तिचाही पगार बंद झालेला. तिने माफीनाम्यावर अंगठा दिला. शाई केसांना पुसली. साहेबाच्या पाया पडली आणि म्हणाली, "लई उपकार झाले, बाबा."

तिथे माझं डोकं फिरलं. कसले उपकार? कसली चूक? पोटामागे जाणं ही चूक?

बाबू माझ्याजवळ सरकला. "दे की सही. कावून अडून बसलीस?"

मी विचारलं, "आन् पुढच्या थंडीत परत चौकशीला आले तर?"

"दुसऱ्यांदा झालं की कायमचा बंद."

म्हणजे आज सही केली की पुढच्या साली माझा गळा माझ्याच सहीने कापायचा. पगार तुटला की उसाशिवाय गत नाही, आणि मुकादमाचा निरोप तर आधीच आला होता. भावजय आता परत भावाबरोबर उभी राहील, तू लेकीला जोडीला घे. तेरा वर्षांची पोर. तिच्या हातात कोयता.

मी माफीनामा साहेबाकडे परत सरकवला. "चूक माझी न्हाई. मी सही करनार न्हाई."

"मग अपील फेटाळावं लागेल."

"फेटाळा. पन कावून फेटाळलं ते लिहून द्या."

"लई शानी झालीस."

संध्याकाळपर्यंत पायरीवर बसून राहिले. शेवटी त्याला लिहून द्यावंच लागलं.

आता तो कागद घेऊन बीडला मोठ्या कचेरीत खेटे घालते. शिपाई म्हणतो, उद्या या. मी येते. वस्तीतल्या दुसऱ्या बायकांनाही सांगते, अंगठा देऊ नका. सोनाआजी माझ्यावर रुसली आहे. रुसू दे.

लेक उसाला जाणार नाही. आणि पुन्हा कुणी मला हात दाखव म्हणालं, तर म्हणेन, आधी तुझे ठेव टेबलावर.