थांबा मॅडम

माझं बोट एंटरवर गेलं की मॅडमचा हात मध्ये यायचा. "थांबा." म्हणून माझ्या दुकानातल्या पोरांनी त्यांचं नाव 'थांबा मॅडम' ठेवलं. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा दुकानात फोन करून स्वतःच म्हणाल्या, "थांबा मॅडम बोलतेय, सावंतांना वर पाठवा."

माझं बोरीवलीत टाइल्स-बेसिनचं दुकान, गोडाऊन मालाडला. बिलांचं सॉफ्टवेअर ज्यांच्याकडून घेतलं, त्यांचा माणूस म्हणाला होता, "काका, वेगळा रिपोर्ट हवा तर वेगळा चार्ज. तुम्हाला नाही जमणार ते." माल माझा, बिलं माझी आणि बघायचे पैसे यांना! तो राग अजून गेलेला नाही. त्याच रागात दुकानाच्या वर राहणाऱ्या कांबळे मॅडमची बेल वाजवली. बँकेच्या कॉम्प्युटर खात्यातून रिटायर झालेल्या. फी ऐकून मी सवयीनं निम्म्यावर आलो.

"सावंत, घासाघीस खाली. इथे शिकायचं."

आयुष्यात तेवढा एकच सौदा मी पहिल्या भावात केला.

त्यांची अट अशी की, एसक्यूएल, म्हणजे कॉम्प्युटरला माहिती विचारायची भाषा, लिहिण्याआधी प्रश्न मराठीत मोठ्यानं बोलायचा. मी ओरडूनच बोलायचो. "ते तुमचं गिऱ्हाईक नाही, दमात घेऊन उपयोग नाही," त्या म्हणायच्या. दोन टेबलं, म्हणजे माहितीचे दोन तक्ते, जोडायची म्हटली की पहिला प्रश्न, "कशावर जोडताय?" मला घाई असायची.

एका सकाळी मी एकट्यानंच बिलांचं टेबल टेम्पोच्या फेऱ्यांच्या टेबलाला जोडलं आणि डोकं फिरलं. बिलावर दोन बेसिन, टेम्पोत आठ! खाली तशाच ओळीमागून ओळी. गोडाऊन सांभाळतो माझा मेव्हणा. म्हणजे चोर घरातलाच! फोन करून त्याला किल्ल्या घेऊन बोलावलं आणि लॅपटॉप उचलून वर गेलो.

"आज त्याला हाकलतो. बायको माहेरी गेली तरी चालेल."

"थांबा. कशावर जोडलंत?"

"बिल नंबरवर! आणखी कशावर?"

"आणि नंबर किती वर्षं पुढे चालतात तुमचे?"

"छे, एक एप्रिलला पुन्हा एकपासून..."

बोलता बोलताच उमगलं. मागच्या वर्षीच्या बिलाला यंदाचा टेम्पो जोडून मी माणसाला चोर ठरवत होतो. मॅडमनी वर्षही जुळवायला लावलं. एंटर दाबलं. बिलावर आठ, टेम्पोतही आठ. शेवटच्या ओळीपर्यंत सगळं बरोबर. छातीवरची लादी कुणीतरी उचलल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात मेव्हणा धापा टाकत आला. "काय झालं, भावोजी?"

मी लॅपटॉप मिटला. मॅडमच म्हणाल्या, "काही नाही रे. बस, कॉफी टाकतेय."

पुढे बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आणि मॅडम मुलुंडला लेकीकडे गेल्या. निघताना म्हणाल्या, "भांडण झालं की फोन करा. म्हणजे, व्हायच्या आधी."

गोडाऊनच्या किल्ल्या आजही मेव्हण्याकडेच आहेत. "त्या दिवशी एवढ्या तातडीनं कशाला बोलावलं होतंत?" तो अजून विचारतो.

"कॉफी प्यायला," मी सांगतो.