मागच्या बाजूचा जादा स्विच

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केली. शाळेत फिजिक्स शिकवायचो, त्यामुळे ते माझं कर्तव्यच आहे असं वाटायचं... आता पाळी तुमची. करा खुशाल.

मी बुऱ्हाणपूरला लालबागेत राहतो, एकटाच. बायको जाऊन तीन वर्षं झाली, मुलगी इंदूरला असते. रिटायर झाल्यापासून जुने व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करतो. गेल्या हिवाळ्यात नेपानगरहून प्रशांत नावाचा एक जण वडिलांचा रेडिओ घेऊन आला. "काका, एकदम ओरिजिनल करून द्या बस. हॉलमध्ये ठेवायचा आहे."

माझा नियम असा की आधी आतली वायरिंग कागदावर उतरवायची, मगच हात लावायचा. उतरवता उतरवता अडखळलो. मागे एक जादा स्विच होता, कंपनीचा नव्हे, घरी बसवलेला. त्यातून निघालेली वायर वीतभरावर कापलेली. दुसऱ्या खोलीतल्या स्पीकरला जात असणार. पण स्विच खाली केला की तोच दूरचा स्पीकर माइकचं काम करणार, म्हणजे तिकडचं बोलणं या रेडिओतून ऐकू येणार! जोडणाऱ्याचं डोकं मानलं मी.

दोन कंडेन्सर बदलले, रेडिओ चालू केला. दुपारचे चार वाजले असतील. सहज स्विच खाली केला. थोडी खरखर, मग एका बाईचा थकलेला आवाज —

"अहो, आहे ना तिथं?"

वायर तर वीतभरावर संपलेली, टेबलावर लोंबत होती. तरी तोंडातून निघून गेलं, "आहे." खरखर थांबली.

प्रशांतला फोन केला. आवाजाचं काही बोललो नाही, फक्त वायरीचं विचारलं.

"तो बाबांचा जुगाड, काका. आई लकव्यानं आतल्या खोलीत पडेल होती ना. बाबा समोरच्या खोलीत मशीनवर कपडे शिवायचे. ती घडीघडी विचारायची, आहे ना तिथं? बाबा तिथूनच मोठ्यानं म्हणायचे, आहे. बस, एवढंच. आता दोघंही नाहीत. काढून टाका तुम्ही ते."

काढायला हवं होतं. आठ दिवस नाही काढलं. रोज चारला चहा घेऊन बसायचो, स्विच खाली करायचो. ती विचारायची, मी "आहे" म्हणायचो. भीती? छे! घरात कुणीतरी आपल्याला विचारतंय, याचंच सुख होतं. लाजही वाटायची... दुसऱ्याच्या बायकोला मी फसवत होतो.

शनिवारी प्रशांतचा फोन आला, उद्या न्यायला येतो. मग मात्र राहवेना. चारला तिनं विचारलं, तेव्हा म्हणालो, "वहिनी, ते नाहीत हो. गेले. मी रेडिओ दुरुस्त करणारा आहे."

या वेळी खरखर थांबली नाही. मग —

"ते माहीत आहे मले... तुम्ही आहे ना तिथं?"

"आहे" म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात आवाज बंद झाला. पुन्हा पुन्हा स्विच वरखाली केला. काही नाही.

रेडिओ ओरिजिनल होऊन नेपानगरला गेला. स्विच माझ्या ड्रॉवरमध्ये पडला आहे. वायरिंगचा तो कागद मी कितीदा तरी तपासला, पण आवाज कुठून यावा ते अजून सापडलेलं नाही.

चार वाजले की आता रिकाम्या खोलीत मोठ्यानं "आहे" म्हणतो. त्या दिवशीचं उत्तर द्यायचं राहून गेलं होतं.