करी रोडची प्रत

बाळांनो, आजोबांच्या गोष्टी पाठव असं तुम्ही तीनदा लिहिलंत आणि तीनदा मी विषय बदलला. तुमच्या बाबाला मी सांगितलं होतं की मशीन बिघडलं. ते अर्धंच खरं होतं. पुढच्या महिन्यात तुम्ही येणार आहात आणि तुमच्या तोंडावर ते पुन्हा बोलायची माझी तयारी नाही, म्हणून आज लिहिते.

आजारी पडल्यावर आजोबा तुमच्यासाठी आपल्या लहानपणाच्या गोष्टी रेकॉर्ड करू लागले. त्रेपन्न झाल्या. मी ऑफिसात कॉम्प्युटर विभाग सांभाळलेला, त्यामुळे त्या जपण्याचं काम माझ्याकडे आलं. दोन जुन्या कॉम्प्युटरांवर लिनक्स घालून मी दोन सर्व्हर केले. एक आमच्या फणसवाडीच्या घरी, दुसरा माझ्या दिरांकडे, करी रोडच्या टॉवरमध्ये. रोज दुपारी चारला आमचा सर्व्हर आपोआप त्यांच्या सर्व्हरला जोडला जाई आणि तिथला फोल्डर हुबेहूब इथल्यासारखा करी.

"एक नवरा सांभाळताना जीव जातो तुझा, आता दोन-दोन प्रती?" आजोबा म्हणाले.

"दुसरी भावजींकडे आहे. तिला मला चहा द्यावा लागणार नाही."

हुबेहूब म्हणजे इथे आलेलं तिथे जायचं आणि इथून काढलेलं तिथूनही निघायचं. हे दुसरं कलम माझं. आजोबा एकच गोष्ट चार वेळा सांगत, त्यातल्या तीन मी पुसून टाकी. त्या करी रोडला तशाच पडून राहिलेल्या मला खपल्या नसत्या.

ते गेल्यावर वर्षभराने घरच्या सर्व्हरमधली गोष्टींची डिस्क कुरकुरू लागली आणि एका सकाळी बंद पडली. मी घाबरले नाही. कागदावर लिहून काढलं: जुनी डिस्क काढणे, नवी बसवणे, त्याच नावाचा फोल्डर करणे, करी रोडहून सगळं परत आणणे. जेवणाआधी तीन ओळींवर खुणा झाल्या. जेवून जरा आडवी झाले.

उठून चहा घेत होते तेव्हा भावजींचा फोन आला. "वहिनी, इकडच्या मशीनचा दिवा फार लुकलुकतोय. तुमचंच चाललंय ना?"

"हो भावजी, चार वाजले ना," मी म्हटलं. मला बरंच वाटलं.

फोन ठेवला आणि मग लक्षात आलं. आमच्या सर्व्हरला इथला फोल्डर रिकामा दिसला होता, म्हणून त्याने तिथलाही रिकामा केला. चारची आज्ञा थांबवणे, ही ओळ माझ्या कागदावर सगळ्यांत वर हवी होती. हाताखालच्या कुणी असं केलं असतं तर मी त्याला फैलावर घेतलं असतं.

दोन्ही डिस्क दुकानात देऊन पाहिल्या. काही निघालं नाही. भावजी रागावले नाहीत. "दादाची ती पतंगाची गोष्ट तरी राहिली का हो?" एवढंच त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं.

मी प्रत्येक गोष्टीचं नाव वहीत लिहीत असे. ती नावं वाचून गोष्टी लिहून काढायला बसते, पण कागदावर माझीच वाक्यं उतरतात. ते असं बोलत नसत.

गोष्टी माझ्याच फोनवर रेकॉर्ड होत आणि फोल्डरमध्ये गेल्या की मी त्या फोनवरून पुसून टाकी. फोल्डरमध्ये कधी न घातलेलं एक रेकॉर्डिंग मात्र अजून फोनवर आहे, कारण त्यात गोष्टच नव्हती. पहिल्या दिवशीची चाचणी. आजोबा विचारतात, "अगं, सुरू झालं का?" मी म्हणते, "झालंय, बोला." मग ते घसा खाकरतात.

ही अकरा सेकंदं आहेत आणि वही आहे.